ब्रेक बराबर हाय

आतापर्यंत मी पुष्कळ लिहिलं. रस्त्यांवर लिहिलं, पाण्यावर लिहिलं, रेशनच्या दुकानांवर लिहिलं, बोट दाखवून लिहिलं. हे एवढं मात्र कधी लिहिलं नाही, कधी बोललोही नाही. घरात नाही, दोस्तांत नाही — आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं तर ते मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. हे वाचताना तुमचा चेहरा मला दिसणार नाही, हे दुसरं.

एका शब्दापासून सुरुवात करतो. शब्द आहे — बराबर.

आमच्याकडं हा शब्द सगळीकडं चालतो. कालवण बराबर झालं, घड्याळ बराबर चालून राहिलं, लेकराची तब्येत बराबर न्हाई. योग्य म्हणजे बराबर, ठीक म्हणजे बराबर, आणि समान म्हणजेही बराबर. माझ्या पत्रकांत मी समतेऐवजी 'बराबरी' लिहायचो, म्हणजे लोकांना तो शब्द आपला वाटायचा. फार आवडता शब्द होता माझा. त्याच शब्दानं मी खोटं बोललो.

पत्रकांवरच मी वाढलो. वडील शाळामास्तर, पण घरी यायचे ते पत्रकांचे गठ्ठे घेऊन. फळीवर पत्रक अंथरलेलं, वहीला पत्रकाचं कव्हर, दुरडीतल्या भाकरीखालीही पत्रक. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला पाटीवरच्या अक्षरांच्या आधी वाचता यायला लागला. मिसरूड फुटेपर्यंत माझी खात्रीच झाली होती की जगातलं प्रत्येक वाईट कुणीतरी वर बसलेला माणूस करतो आणि ते ठणकावून सांगणं हे आपलं काम. वर बसलेला. म्हणजे मी नव्हे — हे मी धरूनच चाललो होतो.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. हिंगोली जिल्हा अजून झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो. आमचं घर कळमनुरीत. मामाच्या अंगणात एक जुनी टू-स्ट्रोक फटफटी गंजत पडली होती, ती मी मागून आणली. शेषा आणि मी मिळून ती चालती केली. शेषा म्हणजे शेषराव, शाळेपासूनचा माझा दोस्त. त्याच्या घरी मेंढरं. डोंगरातून मेंढरं नेतात त्या वाटांनी आपली गाडी जाईल का, हा त्याचा कायमचा प्रश्न. आणि ती जायची. ओढ्यातून जायची, बैलगाडीच्या चाकोरीतून जायची, सागाच्या रानातल्या लाल मुरमावरून घसरत, रडत, धूर सोडत जायची. लोकांना आम्ही सांगायचो, तांड्यांवर पत्रकं वाटायला जातो. पत्रकं असायचीच पिशवीत. पण सांगायला प्रचार आणि खरी हौस गाडीची, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमचे डोंगर काही फार उंच नाहीत. पण मोडक्या गाडीवर दोन पोरं बसली, खाली दरी आणि पुढं वळण असलं, की उंची कोण मोजतं?

गाडी मी स्वतः उघडायचो. मिस्त्रीकडं न्यायची नाही, हा माझा नेम. ज्याला आपलं यंत्र उघडता येत नाही तो दुसऱ्याचा गुलाम — असं एका पत्रकात होतं आणि मला ते पाठ होतं. शेषा हसायचा. म्हणायचा, "गड्या, गुलाम झालो तं झालो, पण एकदा मिस्त्रीला दाखवून घेऊ." मी त्याच्यावर उखडायचो. एकदा चार जणांसमोर त्याला बोललोही होतो, तुझ्यासारख्यांमुळंच आपले लोक मागं राहिले म्हणून.  हे लक्षात ठेवा. हे पुढं कामाला येणार आहे.

पुढचा ब्रेक कधीचाच गेलेला होता. मागच्या चाकाचा ब्रेक करकर वाजायला लागला म्हणून मी तो उघडला. चाकात डबीसारखा ड्रम असतो, त्यात दोन ब्रेक शू. पायानं ब्रेक दाबला की एक लहानसा लोखंडी तुकडा फिरतो, शू फाकतात आणि ड्रमला घासतात. तो तुकडा अडकत होता. त्याला बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावायचं असतं. मी बोट भरून लावलं, वर आणखी लावलं. का? आवाज यायला नको म्हणून. ग्रीस थंड असतं तोवर जागेवर बसतं. लांब उताराला ड्रम तापला की वितळतं आणि शूवर उतरतं. मग घासणारी वस्तू घासत नाही — तूप लावलेल्या हातानं दोर धरल्यासारखं होतं.

त्या दिवशी आम्ही तांड्यावर निघालो होतो. कळमनुरीकडून एक घाटवजा रस्ता वर चढतो. त्याला सगळे चिंचदरीचा उतार म्हणतात — चढणारेही उतारच म्हणतात. संध्याकाळी तांड्यावर बैठक ठेवली होती. सकाळी वर जाताना मोठ्या वळणावर सखाराम चव्हाण दिसले. त्याच तांड्यावरचे. ते मैलकुली होते, म्हणजे रस्त्याचा ठरावीक तुकडा राखणारा माणूस. खड्डे बुजवायचे, गवत काढायचं, कडेच्या दगडांना चुना द्यायचा. रोजंदारीवर बरीच वर्षं झाली होती आणि आता कायम होणार, असं ते भेटेल त्याला सांगत. वळणाच्या कडेला खड्ड्यांसाठी खडी आली होती. ती त्यांनी रस्त्यापासून आत सारून नीट ढीग रचला होता, भोवती दगड मांडून दगडांना चुना देत होते.

आमची गाडी चढाला धापा टाकत होती. सखारामकाका कुंचा हातात धरून म्हणाले, "काहून एवढी बोंबलून राहिली रे ती? उपाशी ठेवता का तिला?"

शेषा मागून म्हणाला, "पेट्रोल पाजतो काका. चुना तेवढा राहिला."

"चुना नगं. तुमच्या भाषणानं तिचं पोट भरत आसंल," काका म्हणाले आणि आम्ही तिघंही हसलो. खडी कडेला होती. रस्ता साफ होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

वर पोचल्यावर लक्षात आलं की पत्रकांचा नवा गठ्ठा घरीच राहिला. पिशवीत जुनीच होती. मी शेषाला म्हणालो, तू जाऊन घेऊन ये, मी भाषणाचे मुद्दे काढतो. त्यानं किल्ली घेतली. त्याची एक सवय होती — आमच्याकडं सगळ्यांचीच असते — उतार लागला की इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रल करायची आणि तशीच सोडून द्यायची. उताराला पेट्रोल कशाला जाळायचं? इंजिन बंद, गिअर नाही. मग गाडी धरायला काय उरतं? ब्रेक.

जाताना त्यानं विचारलं, "काल खोललं होतंस ना चाक? ब्रेक बराबर हाय का?"

मी कागदावरून मान वर केली नाही. म्हणालो, "बराबर हाय."

मोठ्या वळणावर पडला तो. ओरडा ऐकून सगळा तांडा खाली धावला, मीही धावलो. गाडी सरळ त्या ढिगात घुसली होती. चुन्याचे दगड उडाले होते, खडी सगळ्या रस्त्यावर पसरली होती आणि शेषा कडेच्या चरीत पडला होता. उजवा गुडघा जिथं असायला हवा तिथं नव्हता. लोकांनी त्याला जीपमध्ये घातलं. तेवढ्यात कुणीतरी रस्त्याकडं पाहून म्हणालं, "खडीनं घात केला पोराचा."

मी ते ऐकलं. आणि माझ्या आत काहीतरी — कसं सांगू — हलकं झालं.

नांदेडच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं वाक्य मलाच ऐकवलं. "ब्रेक लागला न्हाई रे. म्या दाबला. पाय पार खाली गेला, गाडी थांबलीच न्हाई."

त्याची आई शेजारी बसली होती. मी म्हणालो, "खडी होती शेषा रस्त्यावर. चाक सरकलं. घाबरलं की माणसाला तसं वाटतं."

त्यानं चादरीखालच्या पायाकडं पाहिलं. मग म्हणाला, "व्हय का? मंग माझाच पाय बराबर पडला न्हाई वाटते."

दुसऱ्याचा पाय मोडणं एक. त्या पायानं जे खरं सांगितलं ते त्याच्याकडून काढून घेणं — त्याला काय म्हणायचं? माझ्याकडं शब्दांची कमी कधी नव्हती. याला मात्र शब्द सापडला नाही.

परत आलो. गाडी लोकांनी आमच्या अंगणात आणून टाकली होती. भर दुपारी मी मागचं चाक उघडलं. दोन्ही शू ग्रीसनं चकचकीत झाले होते. रॉकेलनं धुतले, पॉलिश पेपरनं घासले, ड्रम कोरडा पुसला, चाक बसवलं. आई ओट्यावरून म्हणाली, "आता काहून दुरुस्त करून राहिलास? राहू दे ना तिला." मी म्हणालो, हाताला चाळा म्हणून. मग हात धुतले आणि पत्रक लिहायला बसलो.

ते माझं सगळ्यांत गाजलेलं पत्रक. 'खडी कुणाची, पाय कुणाचा?' असा मथळा होता. खडी रस्त्यावर पसरून ठेवली होती, असं मी लिहिलं. दोषींवर कारवाई करा, असं लिहिलं. माझ्या डोळ्यांपुढं तो वर बसलेला माणूसच होता — बंगल्यातला, जीपमधला. लोकांनी ते पत्रक मोठ्यानं वाचलं, बाजारात वाचलं, डोंगरकडा गावात वाचलं, आम्ही बांधकाम खात्याच्या कचेरीवर मोर्चा नेला. मी बोललो तेव्हा बाया रडल्या. आणि कचेरीनं कारवाई केली. सगळ्यांत खालच्या माणसावर केली. सखाराम चव्हाणांना कामावरून काढलं.

मला हे सुचलं कसं नाही? ज्या गोष्टीवर मी इतकी पत्रकं लिहिली होती — की वरचा सुटतो आणि खालचा भरडतो — ती मला सुचली कशी नाही? की सुचली होती?

सखारामकाका आमच्या घरी आले. भांडायला नाही. माझ्याकडं मदत मागायला आले. ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. "भाऊ, तुमी लिहिता. माझ्यासाठी बी लिवा. खडी म्या बराबर रचली व्हती. तुमी सकाळी पाहिली ना? चुना देत व्हतो म्या. तुमी दोघं — न्हाई, आपुन तिघं हासलो."

मी काय केलं असेल? मी लिहिलं. त्यांच्यासाठी दुसरं पत्रक काढलं. गरीब मजुराला बळीचा बकरा केला, त्याला परत घ्या. फार तळमळीनं लिहिलं, आणि खोटं सांगत नाही, लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यात सगळं होतं. फक्त एक वाक्य नव्हतं. खडी कडेला होती, गाडीनं ती उडवली, कारण गाडीला ब्रेक नव्हता. हे वाक्य मी कचेरीत जाऊन सांगितलं असतं तर कदाचित ते परत कामावर लागले असते. ते वाक्य सोडून बाकी सगळं मी लिहिलं. मोर्चाही काढला. सखारामकाका माझ्या शेजारी चालत होते. कचेरीतला माणूस म्हणाला, तुम्हीच तर लिहून दिलं की खडी रस्त्यावर होती. मी आवाज चढवला. खरं उत्तर माझ्यापाशी होतं, आणि मी ते गिळलं.

ते कामावर लागले नाहीत. कायम होणं तर राहिलंच. तांड्यावर लोक म्हणू लागले, सखारामच्या हलगर्जीनं पोरगं लंगडं झालं. त्यांच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती, तिथंही कुणीतरी हे बोललं. ती मोडली. हे मला शेषानंच सांगितलं, आणि सांगताना म्हणाला, "काकाला उगं दोष देतात. माझ्याच पायाची चूक."

मी इथवर आलो. आता थांबावंसं वाटतंय. कारण इथवर वाचून तुम्ही माझ्याबद्दल एक अंदाज केला असेल — पोरगं अर्धवट मिस्त्री होतं, चुकलं, मग घाबरून लपवत गेलं. असा अंदाज तुम्ही करावा म्हणूनच मी हे अशा क्रमानं सांगितलं. बघा, आजही मी तुमच्याशी पत्रकच करतोय.

ब्रेक गेलाय हे मला चाक पुन्हा उघडल्यावर कळलं नाही. मला ते आदल्या दिवशीच माहीत होतं.

चाक बसवल्यावर मी एकटाच गाडी घेऊन त्या उतारावर गेलो होतो, पाहायला. वरच्या दोन वळणांना ब्रेक छान लागला. मोठ्या वळणाच्या अलीकडं जळक्या ग्रीसचा वास आला. मी पाय दाबला आणि पाय खाली गेला — गाडी तशीच पळत. ते काय वाटतं, ते सांगता येत नाही. जिन्यात नसलेल्या पायरीवर पाऊल टाकल्यासारखं, पण संपतच नाही. मी पहिला गिअर टाकला, चपला रस्त्याला घासल्या, आणि कसाबसा वळणाच्या कडेला, त्या खडीच्या ढिगापाशीच थांबलो. बराच वेळ दगडावर बसून राहिलो.  उघडून साफ करायचं, असं ठरवलं. मग घरी गेलो आणि केलं नाही. शेषानं विचारलं असतं, परत का उघडलं? मग सांगावं लागलं असतं. चार जणांसमोर मी त्याला जे बोललो होतो ते त्यालाही आठवलं असतं, मलाही. थंड असताना ब्रेक लागत होता. चढाला तर ब्रेकची गरजच पडत नाही. सकाळी आम्ही वर गेलो.

आणि मग पत्रकं घरी राहिली.

मला विचारा, मी स्वतः का गेलो नाही? इतकी वर्षं मी सांगत आलो — भाषणाचे मुद्दे काढायचे होते. मुद्दे मला पाठ होते. मी गेलो नाही, कारण मला त्या उताराची भीती वाटत होती. मला माहीत होतं त्या गाडीला काय झालंय. तो इंजिन बंद करून उतरणार हेही माहीत होतं. मी किल्ली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं विचारलं, आणि मान वर न करता मी म्हणालो, बराबर हाय.

मान का वर केली नाही, ते तुम्हाला कळलं असेल.

आता हिंगोली जिल्हा झाला. तो रस्ता डांबरी झाला. माझ्या पत्रकामुळं झाला, असं लोक अजून म्हणतात. मला मोटारसायकल चालवता येत नाही असं नाही, चालवतो. पण निघण्याआधी ब्रेक दाबून पाहतो, दोन पावलं गेलो की पुन्हा पाहतो. जीपमध्ये मागं बसलो तरी उतार आला की माझा पाय पत्रा दाबत राहतो. शेजारचे हसतात. शेषाचा गुडघा वाकत नाही, मेंढरांमागं चालणं तेव्हाच संपलं. तो डोंगरकड्यात चुलत्याच्या पिठाच्या गिरणीवर बसतो, पाय लांब करून. मी गेलो की अंगावरचं पीठ झटकून माझ्या मागं गाडीवर बसतो. बसायला त्याला वेळ लागतो, मी गाडी धरून उभा राहतो. अजूनही विचारतो, सवयीनं, "ब्रेक बराबर हाय ना रे?" मी हो म्हणतो. आता ते खरं असतं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्या उतारावरून येत होतो. मोठ्या वळणावर सखारामकाका पायी चालले होते, बाजाराची पिशवी घेऊन. म्हातारे झालेत. आम्हाला पाहून थांबले. रस्त्यात एक खडा पडला होता, बोराएवढा. ते वाकले, तो उचलला आणि कडेला टाकला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "उचलला बाबा. न्हाईतर तुमी पुन्हा लिवसाल."

शेषा मागं बसून मोठ्यानं हसला. काकाही हसले.

मीही हसलो.